तालुक्यात जिनिंग मोजक्याच असताना कापसाचा खरेदी भाव कसा ठरवावा

धरणगाव, बोदवड, जामनेर, चोपडा, शिरपूर, शहादा. खानदेशातला कुठलाही कापूसपट्टा घ्या, कापूस विकणारे हजारोंनी आणि घेणारे मोजके. जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्याच्या, फाटकावर गाडी उभी राहते, शेतकरी विचारतो, "काय भाव शे?" आणि त्याला जे उत्तर मिळतं ते शेजारच्या चार फाटकांवरच्या उत्तरांशी बांधलेलं असतं. घेणारे शेकड्यांनी असते तर चालू भाव मान्य करून कापूस घेण्यापलीकडे कोणाच्या हातात काही राहिलं नसतं. एकटाच असता तर त्यानं मनाला येईल तो भाव सांगितला असता. पाच-सहा असले की गोष्ट निराळी होते. तुम्ही सकाळी ५० रुपये वाढवता. त्यातून हाती काय राहील हे बाकीचे संध्याकाळपर्यंत काय करतात यावर ठरतं.

हे टिपण लहान-मध्यम जिनिंगवाल्यांसाठी, भाड्यानं जिनिंग चालवणाऱ्या शेतकरी उत्पादक कंपन्यांसाठी आणि खेडा खरेदी करणाऱ्यांसाठी आहे. पुढच्या हिशेबांतले बाजारभाव आणि खर्च उदाहरणापुरते धरले आहेत. पद्धत तीच ठेवा आणि आकडे आपल्या वहीतले घाला.

आधी आपला परवडीचा भाव

शेजाऱ्याचा भाव विचारण्याआधी स्वतःचा काढा. उलटं केलं की दुसऱ्याच्या चुकीवर आपला धंदा उभा राहतो.

एक क्विंटल कापसातून काय निघतं ते मांडा. उतारा, म्हणजे कापसातून निघणाऱ्या रुईचं प्रमाण, ३४ टक्के असेल तर ३४ किलो रुई (सरकी काढलेला कापूस), सुमारे ६३ किलो सरकी (कापसाचं बी) आणि ३ किलो घट. रुईचा भाव खंडीला ५४,००० रुपये धरू. खंडी ३५६ किलोची, म्हणजे किलोला १५१ रुपये ६९ पैसे. ३४ किलोचे झाले ५,१५७. सरकी ३,४०० रुपये क्विंटल असेल तर ६३ किलोचे २,१४२. दोन्ही मिळून ७,२९९ रुपये.

आता खर्च, पण एका रकमेत धरू नका, दोन भागांत लिहा. पहिला भाग कापूस घेतला तरच होणारा: वीज, हमाली, पॅकिंग, दलाली, गाडीभाडं, खेळत्या भांडवलाचं व्याज. तो क्विंटलला १८० रुपये धरू. दुसरा भाग कापूस आला नाही तरी चुकत नाही: पगार, मशिनरीच्या कर्जाचा हप्ता, विमा, जागेचं भाडं. तो रोजच्या आवकेवर वाटून १०० रुपये धरू. दोन्ही वजा केले तर ७,०१९. हा तुमचा परवडीचा भाव. फक्त पहिला भाग वजा केला तर ७,११९. ही शेवटची मर्यादा. या दोन आकड्यांच्या मधल्या भावानं काही दिवस खरेदी करता येते, कारण प्रत्येक क्विंटल पगार-हप्त्याचा थोडा तरी भार उचलतो. ७,११९ च्या वर गेलात की प्रत्येक गाडीमागे खिशातून पैसे जातात आणि जितकी आवक जास्त तितका तोटा जास्त.

याच कागदावर खाली चार ओळी कायमच्या लिहून ठेवा. उतारा एक टक्क्यानं बदलला तर परवडीत सुमारे ११८ रुपयांचा फरक. खंडीमागे रुई ५०० रुपयांनी हलली तर ४८ रुपये. सरकी १०० रुपयांनी हलली तर ६३ रुपये. ओलावा एक टक्क्यानं वाढला तर सुमारे ७६ रुपये, कारण तेवढं पाणी कापसाच्या भावानं विकत घेतलं जातं. या चार ओळी पाहिल्या की एक गोष्ट लगेच दिसते: शेजाऱ्यापेक्षा ३० रुपये कमी-जास्त देण्यावर जेवढं डोकं चालवलं जातं, त्याच्या चौपट पैसा उतारा नीट न ओळखण्यात जातो. दर आठवड्याला निदान एका ढिगाचा उतारा वेगळा काढून पाहा, शक्यतो गावनिहाय. पहिल्या वेचणीचा कापूस, कवडीचा (किडका, नीट न उमललेल्या बोंडांचा) कापूस आणि फरदड (हंगाम संपल्यावर तेच पीक ठेवून घेतलेला कापूस) यांचा उतारा एकसारखा धरणारा जिनिंगवाला हंगामाच्या शेवटी नुकसान कुठून आलं हे शोधत बसतो.

बाजार नेमका केवढा

तालुक्याची हद्द ही बाजाराची हद्द नाही. शेतकऱ्याची गाडी परवडून जिथपर्यंत जाते तिथपर्यंत तुमचा बाजार. पिकअपमध्ये १५ ते २० क्विंटल कापूस बसतो. ४० किलोमीटरला १,५०० रुपये भाडं पडत असेल तर क्विंटलला ७५ ते १०० रुपये. म्हणजे शेजारच्या तालुक्यातला भाव तुमच्यापेक्षा शंभरावर गेला की गाड्या तिकडे वळणार. शहाद्याच्या शेतकऱ्याला मध्य प्रदेशातलं खेतिया जवळ आहे, शिरपूरच्या शेतकऱ्याला सेंधवा. गुजरातचे व्यापारी तर गावात येऊन घेतात, तेव्हा त्यांचं अंतर शून्य धरावं लागतं.

नकाशावर तुमच्या फाटकापासून ४० किलोमीटरचं वर्तुळ काढा आणि आतला प्रत्येक घेणारा लिहा. प्रत्येकापुढे अंदाजे हिस्सा लिहा. हंगामाच्या भरात दोन-तीन दिवस वजनकाट्यावरच्या गाड्या मोजल्या, रुईच्या गाठी भरून जाणारे ट्रक पाहिले, की हिस्स्याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. समजा सहा जणांचे हिस्से ३०, २५, १५, १२, १० आणि ८ टक्के आहेत. प्रत्येक हिस्स्याचा वर्ग करून बेरीज करा: ९०० अधिक ६२५ अधिक २२५ अधिक १४४ अधिक १०० अधिक ६४, म्हणजे २,०५८. बाजार किती थोड्या हातांत आहे हे मोजायची ही जगभर वापरली जाणारी पद्धत. अमेरिकेच्या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत १,८०० च्या वरच्या बाजाराला अति-केंद्रित म्हणतात. बेरीज एवढी मोठी असेल तर आपली प्रत्येक हालचाल समोरच्यांना दिसते आणि तिला उत्तर मिळतं, असं धरून चाला.

या यादीत हमीभावानं कापूस घेणारं सरकारी कापूस महामंडळ, म्हणजे सीसीआय, वेगळ्या रंगानं लिहा. त्याचा भाव हंगामाआधी सर्वांना माहीत असतो आणि तो तुमच्या चालीला उत्तर देत नाही. २०२५-२६ च्या हंगामासाठी हमीभाव मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये ठरला. खासगी भाव त्याच्या बराच खाली असताना शेतकरी तुमच्याकडे का येतो, हे कागदावर लिहून पाहा: कपास किसान ॲपवरची नोंदणी झाली नाही, सातबाऱ्यावर पीकपेरा नाही, एकरी मर्यादेपेक्षा कापूस जास्त आहे, ओलावा १२ टक्क्यांच्या वर आहे म्हणून केंद्रावर घेत नाहीत, किंवा पैसे आजच हवेत. यातलं जे कारण तुमच्या भागात जोरात असेल त्यावरून समजतं की तुमच्याकडे येणारा शेतकरी भावाला किती हटून बसेल. नोंदणी झालेला, कोरडा माल घरात ठेवलेला शेतकरी ५० रुपयांसाठी हलणार नाही. ओला कापूस घेऊन आलेल्याला दुसरी वाट नसते. त्याची अडचण ओरबाडली तर पुढच्या वर्षी तो फिरकत नाही, आणि तो एकटाच दूर राहत नाही, अख्ख्या गावाला सांगतो.

भाव वाढवण्याआधीचं गणित

समजा तुमचा भाव ७,०००, रोजची आवक ४०० क्विंटल. शेवटच्या मर्यादेपासून, म्हणजे ७,११९ पासून, अंतर सुमारे १२० रुपये. दिवसाचे ४८,००० रुपये पगार-हप्ते आणि नफ्यासाठी सुटतात. आता भाव ५० नं वाढवायचा विचार आहे. क्विंटलमागे सुटतील ७० रुपये. तेवढेच ४८,००० मिळायला ६८६ क्विंटल कापूस यायला हवा. वाढ ७१ टक्क्यांची झाली!

सूत्र सोपं आहे: वाढीची रक्कम भागिले वाढीनंतर उरणारं अंतर. ५० भागिले ७०.

आता मशिनरीकडे पाहा. १८ डबल रोलर (रुई आणि सरकी वेगळी करणारी यंत्रं), प्रत्येकाची ताशी ४५ किलो रुई धरली तर ताशी ८१० किलो रुई, म्हणजे सुमारे २४ क्विंटल कापूस. वीस तास चालवली तर ४७६ क्विंटल. ६८६ क्विंटल आले तरी त्याची सरकी काढायची ताकदच नाही. उरलेला आवारात पडून राहील, पैसा अडकेल, वळवाच्या पावसात भिजेल. म्हणजे या जिनिंगला आज ५० रुपये वाढवणं परवडत नाही, मग समोरचे काहीही करोत.

फ्रेंच गणिती बर्ट्रां यानं १८८३ साली मांडलं होतं की दोनच विक्रेते एकसारखा माल विकत असतील तर एकमेकांना हटवत भाव थेट खर्चापर्यंत येतो. अर्थशास्त्रज्ञ एजवर्थनं १८९७ मध्ये दाखवलं की क्षमतेला मर्यादा असेल तर तसं होत नाही, भाव वर-खाली फिरत राहतात. जिनिंगच्या धंद्यात दुसऱ्याचं म्हणणं रोज खरं ठरतं: ज्याच्या मशिनी रिकाम्या असतात तो भाव ओढतो, त्याच्या मशिनी भरल्या की भाव सैल होतो.

उलट बाजूनंही हिशेब करा. ५० रुपये कमी केले तर अंतर १७० होतं, आणि आवक २९ टक्क्यांनी घटली तरी दिवसाचं गणित तेवढंच राहतं. ५० भागिले १७०. पुष्कळांना वाटतं की भाव कमी केला की धंदा बसला. ज्यांचा माल चांगला, पैसे वेळेवर, काटा चोख, त्यांची आवक ५० रुपयांनी २९ टक्के घटत नाही. पण हे गृहीत धरू नका. शंका असेल तर आधी एकाच प्रतीच्या मालावर करून पाहा.

समोरचा काय करील

खरेदीच्या बाजारात वाढीचा पाठलाग लगेच होतो आणि घटीचा होत नाही. तुम्ही वाढवलं तर गाड्या जाऊ नयेत म्हणून बाकीचे त्याच दिवशी वाढवतात. तुम्ही कमी केलं तर ते मजेत थांबतात आणि तुमच्या गाड्या घेतात. म्हणूनच भाव एका गोल आकड्यावर आठ-आठ दिवस अडकून राहतो. परवड ४० रुपयांनी सरकली तरी कोणी हलत नाही.

यातून वागण्याचे दोन नियम निघतात. भाव कमी करायचा तर सर्वांना दिसणारं कारण घडल्यावरच करा, म्हणजे रुई किंवा सरकी उतरल्याच्या दिवशी, सकाळी पहिली गाडी काट्यावर येण्याआधी. दुपारी रांगेतल्या लोकांना कमी भाव सांगणं हा विश्वासघात आहे. ती रांग पुन्हा लागत नाही. आणि वाढवायचा तर एकदम वाढवून थांबा. रोज वीस-वीस रुपये चढवलं की शेतकरी कापूस बाहेरच काढत नाही, "उद्या आणखी वाढेल" म्हणून घरात भरून ठेवतो. रावेर-यावलची केळी कापली की त्याच दिवशी गाडीत भरावी लागते, कापसाचं तसं नाही. तो दिवाळीला निघाला नाही तर आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, घरात थांबू शकतो. २०२१-२२ च्या हंगामात भाव दहा हजारांच्या वर गेले आणि पुढच्या हंगामात त्या आशेवर शेतकऱ्यांनी माल दाबून ठेवला, तेव्हा जिनिंग आवकेवाचून बसल्या. तुमचा खरा स्पर्धक कित्येकदा शेजारची जिनिंग नसून शेतकऱ्याची उद्याची आशा असते.

समोरच्यानं भाव वाढवला तर पाठलाग करण्याआधी कारण शोधा. चारांपैकी एक असतं. त्यानं गाठी आधीच विकून ठेवल्या आहेत आणि ठरल्या तारखेला माल द्यायचा आहे. तो आठवडाभर कोणत्याही भावानं घेईल, मग थंड होईल. त्याच्या मागे धावू नका. दुसरं, त्याची स्वतःची तेलघाणी आहे आणि सरकी त्याला बाजारापेक्षा महाग पडली तरी चालते; हा फरक टिकणारा आहे, त्याच्याशी भावात बरोबरी सोडा. तिसरं, रुई खरंच वाढली आणि त्याला तुमच्या आधी कळलं. मग तुमची परवड पुन्हा काढा आणि त्याच दिवशी जुळवून घ्या. चौथं, फळ्यावर भाव मोठा आणि काट्यावर कटती, म्हणजे वजनातून कपात.

चौथ्याचा बंदोबस्त हिशेबानं होतो. फळ्यावर ७,०५०, क्विंटलला एक किलो कटती, म्हणजे शेतकऱ्याच्या हातात ६,९७९ रुपये ५० पैसे, तेही पंधरा दिवसांनी. तुमचे ७,००० बिनकटतीचे आणि त्याच दिवशी. ही तुलना मोठ्या अक्षरात फाटकावर लावा, कोणाचं नाव न घेता: "एक किलो कटती म्हणजे ७० रुपये." शेतकऱ्याला हिशेब येतो. त्याच्यासमोर तो मांडलेला नसतो, एवढंच.

गणेश चतुर्थीला किंवा काटापूजनाला जो मुहूर्ताचा भाव जाहीर होतो त्याला खुणेचा भाव समजू नका. तो थोड्या मालावरचा मान आहे. पेपरात छापून आलेला तो आकडा घेऊन शेतकरी महिनाभर भांडतो, म्हणून मुहूर्ताच्या दिवशीच "आजपुरता, इतक्या क्विंटलपुरता" असं लिहून लावा.

संध्याकाळपर्यंत ज्याची नक्कल होत नाही

५० रुपयांची वाढ समोरचा एका तासात करतो. चोख काटा, त्याच दिवशी पैसे आणि प्रतवारीचा उघड तक्ता यांची बरोबरी करायला त्याला हंगाम लागतो. थोड्या स्पर्धकांच्या बाजारात लहान जिनिंगला टिकून राहायची खरी जागा इथेच आहे.

वजन: गाडी बाहेरच्या धर्मकाट्यावर आधी करून आणली तरी चालेल असं सांगा, आणि फरक निघाला तर काय करायचं हे आधीच ठरवा. ओलावा: मीटर शेतकऱ्यासमोर, गाडीच्या तीन ठिकाणी, वर, मधे आणि तळाला, आणि तिन्हींची सरासरी. एकाच जागी टोचलेला मीटर भांडण आणतो, कारण वरचा थर उन्हानं वाळलेला असतो. पैसे: बँकेत त्याच दिवशी. पंधरा दिवसांच्या उधारीवर घेणाऱ्याला वर्षाला १२ टक्के व्याजानं क्विंटलला ३५ रुपये वाचतात. शेतकऱ्याच्या मनात तीच उधारी त्याहून खूप महाग पडते, कारण त्याला पैसे बुडण्याची धास्ती असते. ३५ रुपयांत हा विश्वास मिळतो. यापेक्षा स्वस्त जाहिरात कोणतीही नाही.

प्रतवारीचा तक्ता असा करा. ८ टक्के ओलाव्याला मूळ भाव. त्यावर प्रत्येक टक्क्याला ठरलेली घट, १२ पर्यंत. पहिल्या वेचणीचा स्वच्छ माल मूळ भावानं, त्याखाली मधल्या वेचणीचा, शेवटी फरदड आणि कवडी. प्रत्येकातलं अंतर तुमच्या उताऱ्याच्या नोंदीवरून काढा, अंदाजानं नाही. एकच सरसकट भाव देणाऱ्याकडे हळूहळू फक्त ओला आणि कवडीचा माल जमतो, कारण चांगला माल जिथे जास्त मिळतो तिथे जातो. तक्ता लावला की तुमचा सरासरी खरेदी भाव शेजाऱ्याएवढाच राहतो, पण ढीग पांढराशुभ्र दिसतो.

"कोणाचाही भाव दाखवा, तेवढाच देऊ" ही पाटी लावताना विचार करा. वरवर ती शेतकऱ्याच्या बाजूची दिसते. प्रत्यक्षात समोरच्याला कळतं की वाढवून एकही गाडी मिळणार नाही, म्हणून तोही वाढवत नाही आणि सगळा बाजार खाली बसतो. शेतकरी उत्पादक कंपनीनं तर ही पाटी लावूच नये; तिचे भागधारक त्याच भावानं कापूस विकतात.

कोणी परवडीच्या वर भाव ओढला तर

मोठा घेणारा महिनाभर ७,२५० देत राहिला, रुई-सरकी मात्र वाढलेली नाही. त्याचा हेतू लहानांना उपाशी ठेवण्याचा असू शकतो. अशा वेळी बरोबरी करणं म्हणजे त्याला हवं तेच करणं. त्याला १०० क्विंटलवर जेवढा तोटा तेवढाच तुम्हालाही होतो, आणि त्याची थैली मोठी आहे.

आवक कमी करा, एकच पाळी चालवा. मजुरीवर जिनिंग घ्या: दुसऱ्याचा कापूस, तुमची मशिनरी, ठरलेला दर, भावाचा धोका शून्य. कापूस महामंडळ आपल्या कापसाची सरकी खासगी जिनिंगमध्येच काढून घेतं. त्यासाठी हंगामाआधी निविदा भरावी लागते, म्हणून दिवाळीनंतर जाग येऊन उपयोग नाही. ज्या वर्षी खासगी भाव हमीभावाच्या खाली राहील असं दिसतं त्या वर्षी क्षमतेचा निम्मा भाग तिकडे गुंतवणं बहुतेक लहान जिनिंगना हिताचं ठरतं.

या काळात घेतलेल्या मालाची रुई तुंबवून ठेवू नका. "पुढे वाढेल" या आशेवर गाठी ठेवणारा जिनिंगवाला एकाच वेळी दोन धंदे करतो, आणि दुसऱ्या धंद्याचा तोटा पहिल्याच्या खात्यात लिहितो.

एकत्र बसून भाव ठरवणं

हा भाग नीट वाचा, कारण तालुक्याच्या गावात तो सवयीनं होतो. चहाला बसले, ग्रुपवर टाकलं, "उद्यापासून सर्वांनी ६,९००." स्पर्धा कायदा २००२ च्या कलम ३ नुसार स्पर्धकांनी मिळून विक्रीचा किंवा खरेदीचा भाव ठरवणं बेकायदा आहे. कायद्यात खरेदी हा शब्द स्पष्ट आहे. करार लेखी असायला लागत नाही, तोंडी समजूतही पुरते. गावं वाटून घेणं, "ती चार गावं तुमची, ही माझी," हेही त्यातच येतं. दंड करार चालू होता त्या प्रत्येक वर्षासाठी नफ्याच्या तिपटीपर्यंत किंवा उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत, यातला जो जास्त तो. संघटनाही सुटत नाही. सिमेंट कंपन्यांना स्पर्धा आयोगानं जून २०१२ मध्ये सुमारे ६,३०० कोटींचा दंड केला तेव्हा त्यांच्या उत्पादक संघटनेवरही ठपका ठेवला होता.

भाव सारखा असणं हा गुन्हा नाही. १९ ऑगस्ट ते ३१ डिसेंबर २०२५ या काळात केंद्रानं कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क माफ केलं. अशा निर्णयानं सगळ्यांची परवड एकदम खाली येते, मग सगळे फळे एकाच आठवड्यात उतरले तर त्यात नवल नाही. शेजाऱ्याचा फळा पाहून स्वतः भाव जुळवणंही चालतं. गुन्हा आपसातल्या संमतीत आहे. म्हणून परवडीचा रोजचा कागद तारीख घालून जपून ठेवा: भाव का बदलला याचं कारण तुमच्याकडे लेखी हवं, आणि त्या कारणात कुठल्याही स्पर्धकाचा फोन नसावा.

संघटनेच्या बैठकीत भावाची गोष्ट निघाली तर गप्प बसू नका. हजर राहून गप्प बसलेलाही सामील धरला जाऊ शकतो. विरोध सांगा, तो इतिवृत्तात लिहायला लावा, बाहेर पडा आणि घरी येऊन तारीख-वेळेसह टिपून ठेवा. ग्रुपवर आकडा पडला तर "हे मला मान्य नाही" असं लिहून ग्रुप सोडा. बैठकीत वीजदर, बाजार समितीच्या सोयी, मजुरांची सुरक्षा, गुलाबी बोंडअळी यांवर हवं तितकं बोला.

आधीच अडकलात तर आयोगाकडे पहिला जाणारा वाचतो. कलम ४६ नुसार पूर्ण माहिती सर्वांत आधी देणाऱ्याला १०० टक्क्यांपर्यंत दंडमाफी मिळू शकते, दुसऱ्याला ५० पर्यंत, तिसऱ्याला ३० पर्यंत. बिअर कंपन्यांच्या प्रकरणात सप्टेंबर २०२१ मध्ये एकूण सुमारे ८७३ कोटींचा दंड झाला. आधी माहिती देणारी कंपनी पूर्ण सुटली. त्या वाटेनं जायचं असेल तर या कायद्याचा वकील आधी गाठा, ग्रुपवरचे संदेश पुसून टाकू नका. आणि शेतकऱ्यांसाठी: घेणारे संगनमत करतात अशी माहिती आयोगाकडे कोणीही देऊ शकतो, शेतकऱ्यांची कंपनी किंवा संघटनाही. नुसतं "सगळ्यांचा भाव सारखा" पुरत नाही. फळ्यांचे तारखेसह फोटो, त्या दिवसांचे रुई-सरकीचे भाव, ग्रुपचे संदेश असं एकत्र मांडावं लागतं.

सरकी विकताना पारडं फिरतं

रुईच्या बाजारात तुम्ही हजारांतले एक आहात, तिथे डावपेच चालत नाहीत. सरकीचं तसं नाही. जवळच्या तेलघाण्या मोजक्या, सरकी जड, भाडं लागतं, आणि पावसाळ्यापर्यंत ठेवली तर ती तापते, तेल खराब होतं. म्हणजे कापूस घेताना तुमचा जो जोर शेतकऱ्यावर असतो, तोच इथे तेलघाणीचा तुमच्यावर असतो. एकाच घाणीला सगळी सरकी देऊ नका. दुसरीला निदान चौथा हिस्सा नियमित द्या, भाव थोडा कमी आला तरी. त्यामुळे दर आठवड्याला दुसरा भाव हातात राहतो. ढेपेचा (तेल काढल्यावर उरणाऱ्या पेंडीचा) भाव रोज टिपा: ढेप चढली आणि सरकीला घाणी जुनाच भाव सांगते आहे असं तीन-चार दिवस दिसलं की लगेच लांबच्या घाणीचा भाव मागवा, भाडं वजा करा, आणि तो आकडा घेऊन जवळच्या घाणीशी बोला.